विद्यार्थ्यांसाठी परवडणारा लॅपटॉप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेश पक्का झाला की विद्यार्थी आणि पालक लॅपटॉपबद्दल जे प्रश्न पाठवतात, ते इथे त्यांच्याच शब्दांत एकत्र केले आहेत. सुरुवातीला अगदी प्राथमिक प्रश्न आहेत आणि पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लॅपटॉप लागतोच का? मोबाइल किंवा टॅबलेटवर नाही का भागणार?

व्याख्यानं पाहणं, पीडीएफ वाचणं, हाताने टिपणं काढणं एवढंच असेल तर टॅबलेटवर भागतं. पण पंधरा पानांचा प्रकल्प लिहायचा, त्यात तक्ते आणि संदर्भसूची घालायची, शेजारी दोन शोधनिबंध उघडे ठेवायचे, असं काम टॅबलेटवर करताना नाकी नऊ येतात. विभागाच्या संगणक कक्षात बसायला पुरेसा वेळ मिळत असेल, तर पहिलं सत्र लॅपटॉपविना काढायलाही हरकत नाही. तेवढ्या काळात आपल्याला नेमकं काय लागतं ते कळतं आणि खरेदी चुकत नाही.

२. बजेट तुटपुंजं आहे. आधी कशावर खर्च करू?

जे नंतर बदलता येणार नाही, त्यावर. स्क्रीन, प्रोसेसर, कीबोर्ड, बॉडी आणि बिजागरी पहिल्या दिवशी जशी मिळतात, तशीच शेवटपर्यंत राहतात. एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवायची वेगवान डिस्क, बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर मोठी टाकता येते. बॅटरी बदलता येते. ऑपरेटिंग सिस्टीमही बदलता येते. रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, कुठे बदलता येते, कुठे नाही (प्रश्न ३).

म्हणून समान किमतीचे दोन लॅपटॉप समोर असतील, एकात मोठी एसएसडी पण फिकट स्क्रीन आणि दुसऱ्यात लहान एसएसडी पण चांगली स्क्रीन, तर दुसरा घ्या. दुकानात मात्र पहिलाच जास्त खपतो, कारण ‘५१२’ हा आकडा डब्यावर मोठ्या अक्षरांत छापता येतो आणि स्क्रीनचा दर्जा तसा छापता येत नाही.

३. ८ जीबी रॅम पुरेल की १६च हवी?

नव्या लॅपटॉपमध्ये १६ घ्या. विंडोज ११ आणि ब्राउझरचे दहाबारा टॅब मिळून ८ जीबीतला बराचसा भाग खातात. वर व्हिडिओ कॉल सुरू झाला की मशीन अडखळायला लागतं. आज ८ जीबीवर लेखन-वाचनाचं काम होतं, पण लॅपटॉप तीन-चार वर्षं वापरायचा आहे. ४ जीबीचा नवा विंडोज लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

खरा प्रश्न किती जीबी एवढाच नाही, ती वाढवता येते का हाही आहे. काही लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे कायमची चिकटलेली. पातळ मॉडेल्समध्ये तर सर्रास. तपशिलात ‘एलपीडीडीआर’ लिहिलेलं असेल तर ती जवळजवळ नेहमी सोल्डर केलेलीच असते. नुसतं ‘डीडीआर४’ किंवा ‘डीडीआर५’ असेल तर मोकळा स्लॉट आहे का ते विचारा. स्लॉट असेल तर ८ जीबीचा लॅपटॉप घेऊन वर्षभराने आणखी ८ टाकणं हा चांगला मार्ग आहे. शिवाय रॅमच्या दोन पट्ट्या बसल्या की रॅमकडे जाणारे दोन्ही मार्ग वापरात येतात आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचाही वेग वाढतो.

४. २५६ जीबी एसएसडी म्हणतात, पण लॅपटॉपमध्ये २३८च दिसतात. फसवणूक आहे का?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. २५६चे २३८ आणि ५१२चे ४७७ त्यामुळे दिसतात.

लेखन-वाचनाला २५६ पुरतं, प्रोग्रॅमिंग किंवा डिझाइनला ५१२ बरं. फक्त ‘ईएमएमसी’ या शब्दापासून सावध राहा. अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ६४ किंवा १२८ जीबीचं हे स्टोरेज असतं. ते एसएसडीपेक्षा बरंच हळू चालतं आणि बहुधा बोर्डवरच सोल्डर केलेलं असतं. ६४ जीबीवर विंडोजचे मोठे अपडेट बसवायलाही जागा शोधावी लागते.

५. आय३, आय५, रायझन ५... नेमका कोणता प्रोसेसर घ्यायचा?

मालिकेचं नाव वाचून थांबू नका, पूर्ण मॉडेल क्रमांक वाचा. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

एएमडीचे दोन प्रोसेसर पाहा: रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू. दुकानातल्या पाटीवर दोन्हींपुढे ‘रायझन ५, ७००० मालिका’ एवढंच लिहिलेलं असतं. फरक एका अंकाचा, पण त्या मालिकेत तिसरा अंक आतली रचना सांगतो. ७५२०यूमध्ये झेन २ रचना आहे, जी मुळात २०१९ची, आणि चार कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग). ७५३०यूमध्ये झेन ३ आणि सहा कोअर. शिवाय पहिल्यासोबत रॅम कायम सोल्डर केलेली येते. तिथे ८ जीबी घेतली की ८च राहिली.

इंटेलच्या जुन्या पद्धतीत आय५-१२३५यू यातले पहिले दोन अंक पिढी सांगतात, म्हणजे बारावी. आय५-८२५०यूसारखा चार अंकी क्रमांक असेल तर पहिला एकच अंक पाहायचा, म्हणजे आठवी. शेवटचं अक्षर यू असेल तर वीज कमी खाणारा, एच असेल तर जास्त ताकदीचा, पण तापणारा आणि बॅटरी लवकर संपवणारा. म्हणूनच बाराव्या पिढीचा आय३ सातव्या पिढीच्या आय५ला आरामात मागे टाकतो. २०२३च्या अखेरीपासून इंटेलने नव्या चिप्सच्या नावातला ‘आय’ काढला, त्यामुळे ‘कोअर ५’ किंवा ‘कोअर अल्ट्रा ५’ अशी नावंही दिसतील.

अगदी कमी बजेटमध्ये इंटेल एन१०० दिसतो. चार छोट्या कोअरचा हा प्रोसेसर लेखन, ब्राउझिंग आणि व्हिडिओला चालतो. जुन्या सेलेरॉनपेक्षा तो नक्कीच बरा, पण अभियांत्रिकीच्या कामाला त्याच्या भरवशावर राहू नका.

६. स्क्रीन कशी ओळखायची? सगळ्या सारख्याच दिसतात.

शेजारी शेजारी ठेवल्या की सारख्या दिसत नाहीत. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० किंवा १९२० बाय १२०० हवं. १३६६ बाय ७६८ आता टाळाच, तिथे दोन खिडक्या शेजारी ठेवून काम होत नाही. पॅनल आयपीएस हवं. टीएन पॅनलकडे जरा बाजूने पाहिलं की रंग उलटेपालटे होतात. ब्राइटनेस ३०० निट्स असेल तर खिडकीशेजारी बसूनही वाचता येतं, २५० असेल तर घरात ठीक.

डिझाइन, छायाचित्रण किंवा वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी रंगांचा आकडाही पाहावा. ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेल्या स्क्रीनवर लाल रंग विटकरी दिसतो आणि छपाई झाल्यावर धक्का बसतो. त्यांना ‘१०० टक्के एसआरजीबी’च्या जवळपासची स्क्रीन लागते.

७. कंपनी १० तास बॅटरी सांगते. खरंच टिकते का?

तो आकडा बहुधा कमी ब्राइटनेसवर व्हिडिओ चालवून काढलेला असतो. तुम्ही स्वतःच हिशोब करा. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये दिलेली असते. साध्या कामाला लॅपटॉप साधारण ७ ते ८ वॉट खातो. म्हणजे ४२ वॉट-अवरची बॅटरी पाच-सहा तास, ५६ची सात-आठ तास. व्हिडिओ कॉल किंवा कोड कंपाइल करणं सुरू झालं की हे तास झपाट्याने कमी होतात.

दिवसभर वर्गात असाल आणि प्लग मिळायची खात्री नसेल, तर ५० वॉट-अवरच्या खाली जाऊ नका. यूएसबी-सीवरून चार्ज होणारा लॅपटॉप मिळाला तर सोन्याहून पिवळं, मूळ चार्जर हरवला तरी पुरेशा वॉटचा कोणताही चांगला पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो. मात्र पोर्ट यूएसबी-सी आहे म्हणून चार्जिंग होईलच असं नाही, तपशिलात ‘पॉवर डिलिव्हरी’ आहे का ते पाहा.

८. माझ्या कोर्सला नेमकं काय लागेल?

विभागाच्या संकेतस्थळावर किंवा वरच्या वर्गातल्या मुलांकडे एकच प्रश्न विचारा: कोणती सॉफ्टवेअर वापरावी लागतात? बाकी सगळं त्यातून ठरतं.

भाषा, समाजशास्त्र, इतिहास, कायदा: यात सगळ्यात जास्त वेळ टाइप करण्यात जातो. प्रोसेसरवर कमी आणि कीबोर्ड-स्क्रीनवर जास्त खर्च करा. दुकानात उभ्यानेच एक परिच्छेद टाइप करून पाहा.

वाणिज्य, अर्थशास्त्र: एक्सेल जड वापरणार असाल तर विंडोज घ्या. मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्होट नाही.

संगणकशास्त्र: प्रोग्रॅमिंग शिकायला महागडं मशीन लागत नाही. सी, जावा, पायथन कशावरही चालतात. पण अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट चालवायचा तर १६ जीबी रॅम लागतेच, व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनरचंही तेच. आयफोनची अॅप बनवायची असतील तर त्यासाठीचं अॅपलचं सॉफ्टवेअर एक्सकोड फक्त मॅकवर चालतं.

यंत्र आणि स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुकला: सॉलिडवर्क्स, रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत. इथे मॅक घेऊन अडकलेले विद्यार्थी दरवर्षी लिहितात. पहिल्या वर्षाची रेखाटनं प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर होतात, मोठ्या असेंब्ली आणि रेंडरिंगला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते कितव्या वर्षी लागेल, हे आधी विचारून घ्या.

डेटा सायन्स, मशिन लर्निंग: पुढचा प्रश्न पाहा.

९. मशिन लर्निंगसाठी ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घेऊ का?

सुरुवातीला नको. पदवीच्या अभ्यासक्रमातले बहुतेक प्रयोग साध्या प्रोसेसरवर होतात. मोठं मॉडेल प्रशिक्षित करायचं असेल तेव्हा गूगल कोलॅबवर मर्यादित वेळ का होईना, ग्राफिक्स प्रोसेसर फुकट मिळतो, आणि अनेक विद्यापीठांचे स्वतःचे सर्व्हर असतात. तरीही स्वतःचं कार्ड हवंच असेल तर ते एनव्हिडियाचं घ्या, कारण ग्राफिक्स कार्डावर आकडेमोड करून घेणारी कुडा ही प्रणाली त्यावरच चालते. कार्डची स्वतःची मेमरी किती आहे तेही पाहा. ४ जीबीवर पुढे फार काही होत नाही.

किमतीपलीकडेही या लॅपटॉपचा भार पडतो. मशीन दोन-सव्वादोन किलोच्या पुढे, वर विटेएवढा जड चार्जर, बॅटरी तीन-चार तास आणि शांत ग्रंथालयात पंख्याचा आवाज. रोज पाठीवर घेऊन बसने जाणाऱ्या मुलीने हे वजन दुकानातच उचलून पाहावं.

१०. नवा स्वस्त घेऊ की जुना पण चांगला?

बजेट अगदीच कमी असेल तर जुना, आणि तोही कंपन्यांच्या वापरातला. लेनोवोचे थिंकपॅड टी, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे लॅपटॉप कार्यालयांसाठी बनवलेले असतात. तीन-चार वर्षांनी कंपन्या ते एकगठ्ठा बदलतात आणि ते रिफर्बिश्ड बाजारात येतात. कीबोर्ड उत्तम, बिजागरी मजबूत, सुटे भाग सहज मिळतात आणि दुरुस्तीची माहितीपुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर असते. प्रश्न २मधली जवळजवळ प्रत्येक न बदलता येणारी गोष्ट इथे नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस असते. स्क्रीनचा मात्र अपवाद. काही जुन्या मॉडेल्समध्ये ती अगदी फिकट असते, म्हणून नेमकं कोणतं पॅनल आहे ते विचारा.

सेकंडहँड आणि रिफर्बिश्ड यात फरक आहे. रिफर्बिश्ड विक्रेता मशीन तपासून, साफ करून, काही महिन्यांच्या वॉरंटीसह देतो. अनोळखी व्यक्तीकडून घेताना ती हमी नसते, सगळं आपणच तपासायचं. बजेट थोडं वर असेल आणि दुरुस्तीची कटकट नको असेल, तर प्रश्न ३ ते ६मध्ये बसणारा नवा लॅपटॉप घ्या.

११. जुना लॅपटॉप बघायला गेल्यावर काय काय तपासू?

अर्धा तास हातात ठेवा आणि घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

आधी बंद अवस्थेत पाहा. झाकण उघड-बंद करताना करकर आवाज येतो का, बिजागरीजवळ तडे आहेत का? मग सपाट टेबलावर ठेवा. लॅपटॉप डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. तिथूनच परत फिरा. फुगलेली बॅटरी पेटू शकते.

चालू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहा. पासवर्ड मागत असेल आणि विक्रेत्याला तो माहीत नसेल तर व्यवहार थांबवा. विंडोज नव्याने बसवताना एखाद्या कंपनीचं नाव आणि तिथला लॉगिन येत असेल, तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे. मॅक असेल तर आधीच्या मालकाने अॅक्टिव्हेशन लॉक (मशीन त्याच्या अॅपल खात्याशी बांधणारं कुलूप) तुमच्यासमोर काढलं पाहिजे.

मग बॅटरी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून ‘बॅटरी रिपोर्ट’ काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी दिसतात. ५० वॉट-अवरची बॅटरी आता ३० दाखवत असेल तर ६० टक्केच उरली. नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

शेवटी एक कोरा पांढरा आणि एक काळा पडदा पूर्ण स्क्रीनवर लावून ठिपके शोधा, प्रत्येक कळ दाबा, प्रत्येक पोर्टात काहीतरी लावून पाहा, कॅमेरा आणि माइक तपासा, दहा मिनिटं व्हिडिओ चालवून पंख्याचा आवाज ऐका. पक्की पावती घ्या आणि तिच्यावर अनुक्रमांक लिहून घ्या.

१२. विंडोज १० असलेला लॅपटॉप खूप स्वस्तात मिळतोय. घेऊ?

तो विंडोज ११ला चालतो का, यावर ठरवा. विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुनं मशीन असेल तर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमसाठीच घ्या (प्रश्न १५). आडमार्गाने विंडोज ११ बसवता येतं, पण पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. परीक्षेच्या तोंडावर असा धोका नको.

१३. मॅकबुक परवडण्यासारखं होऊ शकतं का?

अॅपलच्या स्वतःच्या एम१ किंवा त्यानंतरच्या चिपचं सेकंडहँड मॅकबुक एअर, तुमची सॉफ्टवेअर त्यावर चालत असतील तर, हो. एम१चं एअर २०२०च्या नोव्हेंबरमध्ये आलं. त्यात पंखा नाही आणि चांगल्या अवस्थेतली बॅटरी दिवसभर पुरते. पण रॅम आणि एसएसडी दोन्ही कायमच्या, त्यामुळे शक्यतो १६ जीबीचं शोधा. इंटेल चिपचं मॅकबुक स्वस्त दिसलं तरी घेऊ नका, अॅपल त्यांचा पाठिंबा बंद करत चाललं आहे. एम मालिकेवर बूट कॅम्प नाही, म्हणजे विंडोज थेट बसवता येत नाही.

१४. आणि क्रोमबुक?

क्रोमबुक म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप. सगळं काम ब्राउझरमध्ये होत असेल तर उत्तम. वर्ड-एक्सेलच्या पूर्ण आवृत्त्या त्यावर बसत नाहीत आणि विंडोजची सॉफ्टवेअर चालत नाहीत. जुनं घेताना अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख सेटिंगमध्ये पाहा. २०२१पासूनच्या प्लॅटफॉर्मना दहा वर्षं अपडेट मिळतात, पण ही वर्षं प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुमच्या खरेदीपासून नाही.

१५. विंडोजशिवायचा लॅपटॉप घेऊन लिनक्स टाकला तर पैसे वाचतील?

वाचतील, आणि जुन्या मशीनला उबंटू किंवा मिंट या लिनक्सच्या आवृत्त्यांवर नवा जीव येतो. प्रोग्रॅमिंग, संशोधन, लेखन सगळं होतं. दोन ठिकाणी मात्र अडतं. एक, गटाने मिळून वर्डमध्ये काम करताना लिब्रेऑफिस या मोफत पर्यायामध्ये मांडणी थोडी हलते. दुसरं जास्त गंभीर: ऑनलाइन परीक्षेत बाकी सगळं बंद ठेवणारी अनेक लॉकडाउन सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतच नाहीत. सेफ एक्झाम ब्राउझरची लिनक्स आवृत्ती नाही. तुमची परीक्षा कशी होते ते आधी विचारा. शंका असेल तर विंडोजही ठेवा.

१६. स्नॅपड्रॅगन चिपचे विंडोज लॅपटॉप कसे आहेत?

बॅटरी फार छान टिकते. पण चिप इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या, एआरएम रचनेची असल्यामुळे बरीच सॉफ्टवेअर रूपांतराच्या थरातून चालतात, आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणांचे जुने ड्रायव्हर चालतच नाहीत. परीक्षेची सॉफ्टवेअर आणि व्हीपीएन यांचीही खात्री करून घ्यावी लागते. लेखन-वाचनाच्या कोर्सला चालेल, अभियांत्रिकीला आज तरी टाळा.

१७. ‘एआय पीसी’साठी जास्त पैसे द्यावेत का?

नाही. तुम्ही वापरता ती बहुतेक एआय साधनं इंटरनेटवरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना तुमच्या लॅपटॉपमधल्या एनपीयूची (एआयच्या कामासाठीच्या खास चिपची) गरज नाही. ते पैसे रॅमला द्या.

१८. ऑफिस आणि बाकी सॉफ्टवेअर वेगळी विकत घ्यावी लागतील?

दुकानदार जोडून देतोय म्हणून घेऊ नका. आधी विद्यापीठाचा ईमेल मिळू द्या. संस्था पात्र असेल तर त्यावर मायक्रोसॉफ्ट ३६५ची विद्यार्थी आवृत्ती मोफत मिळते. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना वर्षभराच्या, नूतनीकरण होणाऱ्या परवान्यावर फुकट मिळतात, जेटब्रेन्सचीही मिळतात. लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये असेल तर फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अॅप बसतात. त्यातून मोफत बाहेर पडता येतं, मात्र परत त्यात जाता येत नाही.

१९. घरात जुना लॅपटॉप आहे, चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. तो टाकून द्यावा का?

आधी आत काय आहे ते पाहा. हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी साधी साटा एसएसडी टाका. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० एमबीच्या वर, आणि विखुरलेल्या छोट्या फाइल्सच्या बाबतीत फरक याहूनही कितीतरी मोठा पडतो. स्लॉट असेल तर रॅम ८ किंवा १६ करा. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या थोड्याशा भागात एखाद-दोन वर्षं निघतात. स्क्रीन फुटली असेल, बिजागरी तुटली असेल किंवा विंडोज ११ला चालत नसेल (प्रश्न १२), तर मात्र पैसे नव्यासाठी राखा.

२०. ऐन परीक्षेत लॅपटॉप बंद पडला तर?

याची तयारी खरेदीच्या दिवशीच करायची. वॉरंटी किती वर्षांची, सेवा केंद्र जवळ आहे का आणि अपघाती नुकसान तिच्यात येतं का, हे पावती घेण्याआधी विचारा. पाणी सांडणं आणि लॅपटॉप पडणं साध्या वॉरंटीत येत नाही.

कामाच्या फाइल्स एका क्लाउड फोल्डरमध्ये ठेवा, तो आपोआप सिंक होऊ द्या, आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत काढा. दोन्ही हवंच, कारण क्लाउडमध्ये चुकून पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते. विंडोज ११ अनेक लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट करतं. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडून दिलं असेल, तर आजच स्वतःचं खातं जोडा आणि की कागदावर उतरवून घ्या.